उबेची वाट : बायपास शस्त्रक्रियेतील एका छोट्या औषधाचा मोठा इतिहास

पौषातल्या पहाटे वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर गंगेत बुडी मारून वर आलेला माणूस शेकोटीपाशी बसतो, तरी त्याची बोटे बराच वेळ गारच राहतात. थंडीने हातापायांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या असतात. रक्त तिथवर पुरेसे पोहोचत नाही आणि रक्ताबरोबर जाणारी ऊबही पोहोचत नाही. हृदयावरील शस्त्रक्रियेत हीच साधी गोष्ट रुग्णाच्या जिवाशी येऊन ठेपते.

देह थंड केला की पेशींची प्राणवायूची गरज घटते. तापमान सुमारे दहा अंशांनी उतरले तर ती जवळपास निम्म्यावर येते. कॅनडाचे विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५० च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांतून हा मार्ग दाखवला. २ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेत जॉन लुईस यांनी एका पाच वर्षांच्या मुलीला थंड करून, रक्तप्रवाह काही मिनिटे थांबवून तिच्या हृदयातील छिद्र बुजवले. पुढच्याच वर्षी जॉन गिबन यांच्या हृदय-फुप्फुस यंत्राने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया पार पडली. दशक संपण्यापूर्वी यंत्राला उष्णता-विनिमयक जोडला गेला आणि रक्तालाच थंड किंवा गरम करता येऊ लागले.

रुग्णाला थंड करणे त्यामुळे सोपे झाले. कठीण ठरले ते त्याला पुन्हा उबदार करणे. यंत्रातून आलेले गरम रक्त मेंदू, यकृत, मूत्रपिंड अशा भरपूर रक्तपुरवठ्याच्या अवयवांना लवकर ऊब देते. घशाजवळचा तापमापक ३७ अंश दाखवतो, पण स्नायू आणि त्वचा अजून गारच असतात. यंत्र बंद झाल्यावर आतली उष्णता या गार भागांकडे वाहू लागते आणि गाभ्याचे तापमान पुन्हा दोन-तीन अंशांनी घसरू शकते. मग रुग्णाला कापरे भरते, प्राणवायूची मागणी वाढते आणि नुकत्याच टाके घातलेल्या हृदयावर नेमका त्याच वेळी ताण पडतो.

आकुंचन पावलेल्या वाहिन्या औषधाने सैल करण्याची कल्पना दोन अगदी वेगळ्या वाटांनी पुढे आली. फ्रान्सच्या नौदलातील शल्यचिकित्सक आंरी लाबोरी यांनी १९५१-५२ च्या सुमारास क्लोरप्रोमाझीन वापरून ‘कृत्रिम शीतनिद्रे’चा प्रयोग केला, देहाचा थंडीविरुद्धचा प्रतिकार, म्हणजे कापरे आणि वाहिन्यांचे आकुंचन, सौम्य करणे हा त्यामागचा हेतू होता. दुसरी वाट भारतातली. उत्तर भारतात वेडावरचे औषध म्हणून ओळखली जाणारी सर्पगंधा रक्तदाब उतरवते, असे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कोलकात्यात १९३१ मध्ये नोंदवले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये पन्नास रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्यांना विभागून मिळाला, त्यांत लाबोरी आणि वकील ही दोन्ही नावे आहेत.

सर्पगंधेतील रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरएपिनेफ्रिनचा साठा रिता करते. म्हणून ते सावकाश काम करते आणि त्याचा परिणाम अनेक दिवस रेंगाळतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला हे चालते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र हाच गुण धोका ठरतो, कारण तिथे दाब मिनिटामिनिटाला सावरावा लागतो. तिथे हवे होते ते चटकन उतरणारे आणि चटकन ओसरणारे औषध.

ते सोडियम नायट्रोप्रुसाइडच्या रूपाने सापडले. हे रसायन एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. वाहिनीत ते नायट्रिक ऑक्साइड सोडते, स्नायू सैल पडतो आणि थेंबांचा वेग कमी करताच काही मिनिटांत परिणाम मावळतो. नोबॅक आणि टिंकर यांनी १९८० मध्ये दाखवले की, ऊब देताना हे औषध देऊन वाहिन्या रुंद केल्या, तर गरम रक्त हातापायांपर्यंत जाते आणि यंत्र थांबल्यावरची तापमानघट कमी होते. नायट्रिक ऑक्साइडचे हे कार्य उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चा नोबेल पुरस्कार मिळाला.

अर्थात वाट उघडली की दाबही उतरतो. त्यामुळे पंपाचा प्रवाह वाढवावा लागतो, मात्रा जपून द्यावी लागते, आणि नायट्रोप्रुसाइड फार वेळ फार प्रमाणात दिले तर सायनाइडची विषबाधा संभवते. घाईने रक्त जास्त तापवणे मेंदूला घातक असते. उष्णता ओतणे आणि ती योग्य जागी पोहोचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हाच या इतिहासाचा धडा.

वाराणसीच्या काशी हिंदू विद्यापीठात आज आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक एकाच वैद्यकविज्ञान संस्थेत शिकवले जातात. सुश्रुतसंहितेनुसार काशिराज दिवोदास धन्वंतरींनी सुश्रुताला शल्यविद्या दिली, ती याच नगरीत. तिथल्या विद्यार्थ्याने एका वर्गात सर्पगंधेची मुळी आणि दुसऱ्या वर्गात प्रकाशापासून झाकून ठेवलेली नायट्रोप्रुसाइडची बाटली पाहिली, तर त्याने एक प्रश्न जरूर विचारावा : औषध काय करते, एवढे कळणे पुरेसे आहे का? ते किती वेगाने करते आणि केव्हा थांबते, हेही कळायला नको का? शस्त्रक्रियागृहात रुग्णाचा जीव पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.