घरच्या घरी नरकासुराचा मुखवटा : रद्दी, खळ आणि चार रंग

गोव्यात आणि शेजारच्या सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी, वेंगुर्ला भागात दिवाळी सुरू होते ती नरकासुर जाळून. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर पुतळे उभे राहतात, रात्रभर मिरवतात आणि उजाडायच्या आत पेटवले जातात. मग अभ्यंगस्नान, पायाखाली कारीट फोडणं आणि घरोघरी पोह्यांचे प्रकार. प्राग्ज्योतिषपूरच्या नरकासुराला श्रीकृष्णाने सत्यभामेसह मारलं आणि कैदेतल्या सोळा हजार स्त्रियांची सुटका केली, अशी पुराणातली कथा आहे. पुतळा जाळण्यामागे तीच आहे.

म्हापसा, पणजी, फोंडा, मडगावच्या बाजारात दिवाळीच्या आधी तयार मुखवटे टांगलेले दिसतात. मोठ्या मंडळांचे पुतळे लोखंडी सांगाडा, मोटर आणि दिव्यांपर्यंत गेले आहेत. पण घरातल्या पोरांचा तीन-चार फुटांचा नरकासुर आजही रद्दीच्या कागदात होतो आणि चांगला होतो.

करायला घेण्याआधी एकच हिशेब ध्यानात ठेवावा. नरकासुर जाळायचा असतो. त्यात जे घालाल ते एकतर धुरातून नाकात जातं, नाहीतर रस्त्यावर उरतं. काय आणायचं आणि काय नाही, हे यावरूनच ठरतं. खिशालाही हेच परवडतं, कारण स्वच्छ जळणाऱ्या बहुतेक वस्तू घरातच पडलेल्या असतात.

साहित्य आणि अंदाजे खर्च

जुनी वर्तमानपत्रं, अंड्यांचे कागदी ट्रे, पुठ्ठा, जुने सुती कपडे, सुकं गवत किंवा पेंढा : घरचं किंवा मागून आणलेलं, खर्च नाही.
मैदा अर्धा किलो : 25 ते 30 रुपये.
पोस्टर कलरच्या चार बाटल्या (काळा, लाल, पिवळा आणि चेहऱ्याचा एक रंग) : 120 ते 160 रुपये.
व्हायटिंग पावडर किंवा खडूची पूड, थोडा डिंक : 30 रुपये.
सुतळी किंवा काथ्या : 30 ते 40 रुपये.

दुकानागणिक दर बदलतील, पण सगळं मिळून 200 ते 260 रुपयांत बसतं. साच्यासाठी चिकण माती लागते. गणपतीच्या वेळची शाडू उरली असेल तर तीच भिजवून घ्यावी.

दिवाळीच्या किमान दहा दिवस आधी काम सुरू करावं. मेहनत थोडी आहे, वेळ जातो तो सुकवण्यात.

खळ

एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न होता कालवा. चार वाट्या पाणी उकळायला ठेवा, त्यात हे कालवण धार धरून ओता आणि ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवा. बुरशी येऊ नये म्हणून चमचाभर मीठ घाला. पूर्वी पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालायचे. ते विष आहे, पोरं हाताळणार असतील तर घालू नका. खळ दोन दिवस टिकते, नंतर आंबते. म्हणून थोडीथोडी करावी.

साचा आणि कागदाचे थर

पाटावर प्लॅस्टिकची पिशवी पसरून त्यावर मातीचा चेहरा करा. कपाळ, गालफडं, नाक, हनुवटी एवढंच ठळक ठेवा. बारीक कलाकुसर कागदाखाली बुजते.

कागद कात्रीने न कापता हाताने फाडा, साधारण दोन इंचांचे तुकडे. फाडलेली कड एकमेकांत मिसळते, कापलेली कड रंग दिल्यावरही रेघेसारखी दिसते. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवून लावा, म्हणजे तो मातीला चिकटत नाही. त्यावर खळीचे सहा थर. मोजणी चुकू नये म्हणून एक थर मराठी पेपरचा आणि एक इंग्रजीचा लावावा. बेळगावात कन्नड पेपर चालेल. लिपी बदलली की कुठे कागद कमी पडला ते लगेच कळतं.

दोन थर झाले की एक दिवस सुकवा. ऑक्टोबरात दुपारी ऊन आणि संध्याकाळी पावसाची सर, असं हवामान असतं. त्यामुळे मुखवटा ओसरीत वाऱ्यावर ठेवावा. कडक उन्हात कडा वाकतात. सगळे थर सुकल्यावर टिचकी मारून पाहा. खणखणीत आवाज आला की चमच्याने कडा सोडवा, उलटा करून मागची माती कोरून काढा आणि आतूनही एक दिवस वारा लागू द्या. माती पुढच्या वर्षाला ठेवता येते.

लहान मुलांसाठी सोपी वाट म्हणजे फुगा. फुगवलेल्या फुग्याच्या अर्ध्या भागावर थर द्यायचे, सुकल्यावर फुगा फोडायचा. शहरांत 31 ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी प्लॅस्टिकचे भोपळे आणि भुतं विकत आणली जातात. तीही याच पद्धतीने कागदाची होतात.

नाक, भुवया, दात

अंड्यांचे ट्रे रात्रभर भिजवून पिळा आणि खळीत कुस्करा. या लगद्याने भुवया, मिशा, नाकपुड्या उचलून घ्या. सुळे आणि शिंगं पुठ्ठ्याचे कोन करून चिकटवा. केसांना नारळाच्या सोडणाचा काथ्या उत्तम. पुतळ्याच्या अंगावर काळा पडलेला काथ्या जेवढा भीतिदायक दिसतो तेवढा विकतचा टोप दिसत नाही.

रंग

आधी व्हायटिंग पावडर डिंकाच्या पाण्यात कालवून दोन हात द्या. हा पांढरा अस्तर टाळला तर खालची छापील अक्षरं वर डोकावतात आणि रंगही जास्त लागतो. डोळ्यांची आणि दातांची जागा पांढरीच सोडा.

चेहऱ्याला एकच मुख्य रंग घ्या : गडद हिरवा, निळा किंवा लाल. आधी फिके रंग, शेवटी काळा. पुतळा लोक रात्री, रस्त्याच्या दिव्यात, दहा-पंधरा फुटांवरून पाहणार आहेत. त्या उजेडात गडद लाल, तपकिरी आणि काळा सगळे एकच दिसतात. म्हणून दोन गडद रंगांच्या मध्ये पिवळी किंवा पांढरी रेघ हवी. डोळे वाजवीपेक्षा मोठे, कड लाल, बुबुळ लहान. बुबुळ लहान ठेवलं की नजर रोखलेली वाटते. चकाकी हवी असेल तर शेवटी डिंकाच्या पाण्याचा पातळ हात द्या.

ऑईल पेंट वापरू नका. सुकायला वेळ लागतो आणि जळताना धूर वाईट येतो. माळ्यावरचा जुना डबा तर अजिबात नको. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 मध्ये लागू झाली, त्याआधीच्या डब्यात किती शिसं आहे ते सांगता येत नाही.

धड

चार फुटांची एक उभी आणि तीन फुटांची एक आडवी बांबूची काठी सुतळीने घट्ट बांधा. जुना सदरा-विजार चढवून आत पेंढा भरा. कपडा सुतीच घ्या, नायलॉन-पॉलिस्टर वितळून पेटते थेंब खाली पडतात. ढाल-तलवार पुठ्ठ्याची.

थर्माकोल, फ्लेक्स, प्लॅस्टिकची चमकी नको. थर्माकोल आणि फ्लेक्सचा काळा धूर पहाटे जमलेल्या पोरांच्या छातीत जातो. तार आणि खिळेही नकोत. कागद जळून जातो, तार-खिळे राखेत राहतात आणि सकाळी दुचाकीच्या टायरात किंवा अनवाणी पायात घुसतात. पुतळे जळालेल्या चौकांत दिवाळीच्या सकाळी दरवर्षी हेच चित्र असतं.

जाळताना

विजेच्या तारा, गवताच्या कुडी आणि उभी वाहनं यांपासून लांब, मोकळ्या जागी जाळावा. पेट्रोल-रॉकेल ओतायची गरज नसते, पेंढा काडीने पेट घेतो. पोटात फटाके भरायचा मोह पोरांच्या पुतळ्यात तरी टाळावा. शेजारी दोन बादल्या पाणी आणि घमेलंभर वाळू असावी. पावसाची सर आली तर पुतळ्यावर प्लॅस्टिक टाका, पेटवण्याआधी मात्र आठवणीने काढा.

राख थंड झाल्यावर गोळा करून एका पोत्यात भरा. कुठे तार-खिळा गेला असेल असं वाटलं तर जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून जागेवरून फिरवा.

इतर गावांसाठी

हीच रीत दसऱ्यालाही चालते. इंदूर, ग्वाल्हेरकडे गल्लीगल्लीत मुलं कागद-बांबूचा छोटा रावण करतात. त्याची दहा तोंडं एकाच मातीच्या साच्यावर पाळीपाळीने निघतात, फक्त काम महिनाभर आधी सुरू करावं लागतं. जाळायचा नसलेला मुखवटा भिंतीवर टांगायचा असेल तर मागून खळीत बुडवलेल्या सुती कापडाचा एक थर द्या आणि पावसाळ्यात कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. दमट हवेत खळीला कसर लागते, म्हणून सोबत कडुलिंबाचा सुका पाला टाकावा.