लिव्हिंग्स्टन, रॉबर्ट आर.

(२७ नोव्हेंबर १७४६–२६ फेब्रुवारी १८१३). अमेरिकन मुत्सद्दी, विधिज्ञ व न्यूयॉर्क राज्याचा पहिला चॅन्सलर. न्यूयॉर्क शहरी हडसन खोऱ्यातील एका बड्या जमीनदार घराण्यात जन्म. वडील न्यायाधीश होते. किंग्ज कॉलेजातून (सध्याचे कोलंबिया विद्यापीठ) १७६५ मध्ये पदवी घेतल्यावर त्याने वकिली सुरू केली. काही काळ जॉन जे हा त्याचा भागीदार होता. १७७३ मध्ये तो न्यूयॉर्क शहराचा रेकॉर्डर झाला. पण वसाहतींच्या चळवळीविषयीच्या सहानुभूतीमुळे दोन वर्षांतच त्याला हे पद गमवावे लागले.

१७७५ मध्ये तो काँटिनेंटल काँग्रेसचा सभासद झाला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा करण्यासाठी नेमलेल्या पाच जणांच्या समितीत जेफर्सन, ॲडम्स, फ्रँक्लिन व शर्मन यांच्याबरोबर तो होता. तथापि जाहीरनाम्याची वेळ अद्याप आली नाही, असे त्याचे मत होते व त्यावर त्याची सही नाही. ब्रिटिश सैन्याने १७७७ मध्ये त्याचा क्लेर्मंट येथील वाडा जाळला. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याचे संविधान तयार करण्यात त्याने जे व मॉरिस यांना साहाय्य केले आणि चॅन्सलर या सर्वोच्च न्यायिक पदांपैकी एकावर त्याची नेमणूक झाली. हे पद त्याने १८०१ पर्यंत सांभाळले. मधल्या काळात (१७८१–८३) तो संघराज्याचा परराष्ट्र सचिवही होता. जॉर्ज वॉशिंग्टन याला ३० एप्रिल १७८९ रोजी अध्यक्षपदाची शपथ त्यानेच दिली. नव्या शासनात मोठे पद न मिळाल्याने तो दुखावला आणि पुढे जेफर्सनच्या पक्षाला मिळाला. १७९८ मध्ये राज्याच्या गव्हर्नरपदासाठी त्याने आपला जुना भागीदार जे याच्याविरुद्ध निवडणूक लढविली. तीत तो पराभूत झाला.

जेफर्सनने १८०१ मध्ये त्यास फ्रान्समध्ये वकील म्हणून पाठविले. त्याला कमी ऐकू येई व फ्रेंचही फारसे येत नसे. त्यामुळे टॅलिरँडसारख्या धूर्त परराष्ट्रमंत्र्याशी व्यवहार करणे सोपे नव्हते. स्पेनने १८०० च्या गुप्त तहान्वये लुइझिॲना फ्रान्सला परत दिले होते. न्यू ऑर्लीन्स येथे माल उतरवून ठेवण्याचा अमेरिकनांचा हक्क ऑक्टोबर १८०२ मध्ये काढून घेण्यात आला, तेव्हा मिसिसिपीच्या खोऱ्यात असंतोष उसळला. न्यू ऑर्लीन्स व फ्लॉरिडा मिळविणे एवढेच लिव्हिंग्स्टनचे काम होते. पण सँ-दोमँग येथील फ्रेंच सैन्य पीतज्वराने आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या प्रतिकाराने नष्टप्राय झाले, ब्रिटनशी युद्ध जवळ आले आणि नेपोलियनने आपला बेत बदलला. संपूर्ण लुइझिॲनाचे किती द्याल, अशी पृच्छा टॅलिरँडने ११ एप्रिल १८०३ रोजी केली. दुसऱ्याच दिवशी जेम्स मन्‍रो खास दूत म्हणून पॅरिसला पोहोचला. फ्रान्सचा कोषमंत्री बार्बे-मार्ब्वा याच्याशी वाटाघाटी होऊन ३० एप्रिल या तारखेचा करार झाला. सुमारे दीड कोटी डॉलरांत (अमेरिकन नागरिकांच्या दाव्यांसह) २१ लाख चौ. किमी.हून अधिक प्रदेश मिळाला आणि देश जवळजवळ दुप्पट झाला. त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना मात्र कोणी विचारले नाही.

एवढा प्रदेश विकत घेण्याचा अधिकार या दोघांनाही नव्हता. पण संधी दवडली असती, तर ती पुन्हा आली नसती. श्रेयाचा वाद मात्र लवकरच उद्‌भवला. मन्‍रो येण्यापूर्वीच यश पदरात पडले होते, असे दाखविण्यासाठी लिव्हिंग्स्टनने आपल्या नोंदवहीतील तारखा मागे नेल्याचे पुढे उघडकीस आले. वस्तुतः त्याने महिनोन्‌महिने केलेला पाठपुरावा एवढा ठळक होता, की या खटाटोपाची गरजच नव्हती. १८०४ मध्ये तो निवृत्त झाला व त्याच्या जागी त्याचा मेहुणा जॉन आर्मस्ट्राँग आला.

पॅरिसमध्येच त्याची रॉबर्ट फुल्टनशी गाठ पडली होती. लिव्हिंग्स्टनचा पैसा व फुल्टनचे कौशल्य यांतून १८०७ मध्ये न्यूयॉर्क ते ऑल्बनी हे सु. २४० किमी. अंतर वाफेच्या बोटीने सु. ३२ तासांत काटले. हडसन नदीवरील वाफेच्या वाहतुकीची मक्तेदारी त्यांनी राज्याकडून मिळविली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर, १८२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गिबन्झ विरुद्ध ऑग्डन या खटल्यात रद्द ठरविली. मेरिनो मेंढ्यांची पैदास अमेरिकेत रूढ करण्यासाठीही त्याने खूप खटपट केली. मेंढ्यांवरील त्याचा ग्रंथ १८०९ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लेर्मंट येथे तो निधन पावला.