कॅरम उलटा चालवला तर?

कॅरमच्या पहिल्या फटक्याचं शूटिंग करा आणि उलटं चालवा. विखुरलेल्या सोंगट्या सरकत येऊन मधे जमतात! आमच्या सांताक्रूझचं शेंबडं पोरही ओळखेल, फिल्म उलटी आहे. न्यूटन मात्र गप्प. काळाची दिशा फिरवली तरी त्याचा नियम तोच राहतो. घर्षण म्हणाल, तर तीही शेवटी रेणूंचीच ढकलाढकली.

१८७६ साली लोश्मिटने बोल्ट्झमनला हेच विचारलं: नियम दोन्हीकडून सारखे, मग तुमच्या १८७२ च्या सिद्धांतात एकच दिशा आली कुठून? बोल्ट्झमनचं उत्तर असं, की विस्कटण्याचे मार्ग अगणित, जुळण्याचे मोजके. म्हणजे उलटं घडणं अशक्य नाही, जवळजवळ अशक्य आहे. ठीक... पण सुरुवातीला सोंगट्या लावल्या कोणी?

इथे आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर येतात. प्रकाशलहरींची समीकरणंही अशीच दुतोंडी, तरी दिवा आधी लागतो, उजेड नंतर पोचतो. १९६० च्या दशकात हॉयल आणि नारळीकरांनी मांडलं, की ही दिशा विश्वाच्या रचनेतून येते. त्यांचं स्थिर-स्थिती विश्व पुढे बहुतेकांनी सोडलं. २०२५ मध्ये नारळीकरही गेले. त्यांनी बोट दाखवलेली जागा मात्र अजून तीच आहे: उत्तर नियमांत शोधू नका, विश्वाकडे बघा.