भ्रमणध्वनीची प्रारणे आणि मानवी आरोग्य : एका वादाचा इतिहास

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले आणि भारतात भ्रमणध्वनी सुरू झाला. आज तो आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती आहे. "सर, मोबाइलमुळे कर्करोग होतो का?" या प्रश्नाचे उत्तर वर्गात द्यावयाचे, तर त्यामागचा शास्त्रीय इतिहास माहीत हवा. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

भीतीचा उगम

जानेवारी १९९३ मध्ये अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात फ्लोरिडातील एका गृहस्थाने आपल्या पत्नीच्या मेंदूतील गाठीस भ्रमणध्वनी कारणीभूत असल्याचा आरोप केला. त्याचा दावा न्यायालयात शास्त्रीय पुराव्याअभावी टिकला नाही. पण शंका जगभर पसरली.

मराठीत या शंकेला शब्दाच्या गोंधळाने खतपाणी मिळाले. 'रेडिएशन'साठी सर्रास 'किरणोत्सर्ग' हा शब्द वापरला गेला आणि वाचकाला अणुबॉम्ब आठवला. वस्तुतः येथे 'प्रारण' हा शब्द योग्य होय. क्ष-किरणांत अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा असते. त्यामुळे पेशीतील डीएनएला इजा होऊ शकते. भ्रमणध्वनीच्या ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झच्या लहरींच्या एका ऊर्जाकणात त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा लाखावा हिस्साही नसतो. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचे किंचित तापणे. १९९८ ची आंतरराष्ट्रीय मर्यादा (डोक्यासाठी प्रतिकिलो २ वॅट) याच आधारावर ठरली.

पुराव्याचा शोध

तरीही दीर्घकालीन वापराचा प्रश्न उरलाच. २००० साली ब्रिटनमध्ये सर विल्यम स्टुअर्ट यांच्या समितीने अपाय सिद्ध झाला नसला तरी सावधगिरी बाळगावी, विशेषतः मुलांनी अनावश्यक वापर टाळावा, असे सुचविले.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे १३ देशांतील 'इंटरफोन' अभ्यास. मेंदूत गाठ झालेले रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांना पूर्वीच्या वापराविषयी विचारण्यात आले. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते विचित्र होते. नियमित वापर करणाऱ्यांत धोका वाढण्याऐवजी किंचित कमीच दिसला. मात्र एकूण १६४० तासांहून अधिक बोलणाऱ्या गटात ग्लायोमा या गाठीचे प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त आढळले. फोन मेंदूचे रक्षण करतो असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे दोष पद्धतीत असावा. फोन न वापरणाऱ्या निरोगी व्यक्तींनी सहभागास अधिक नकार दिला होता, तर काही रुग्णांनी सांगितलेले तास अविश्वसनीय होते. दहा वर्षांपूर्वी रोज किती मिनिटे बोललो, हे कोणास नेमके आठवते?

डेन्मार्कमधील संशोधकांनी स्मरणशक्तीऐवजी ग्राहकांच्या याद्या वापरल्या. त्यांना धोका आढळला नाही. परंतु कंपन्यांच्या नावे असलेले फोन वगळल्याने जास्त बोलणारे अनेकजण 'न वापरणाऱ्यां'त मोजले गेले. दोन्ही पद्धतींत अशी उणीव होती.

'२ ब' वर्गाचा अर्थ

३१ मे २०११ रोजी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना '२ ब', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक', या वर्गात ठेवले. वृत्तपत्रांनी 'कदाचित' गाळले. हा वर्ग धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. पुरावा मर्यादित आहे, एवढेच सांगतो. आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही याच वर्गात आहेत. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश इतकीच मर्यादा लागू केली.

पुढे चित्र अधिक स्पष्ट झाले. २०१८ साली अमेरिकेत नर उंदरांच्या हृदयात काही गाठी आढळल्या. पण संपूर्ण शरीरावर रोज कित्येक तास प्रारणे सोडलेले ते उंदीर इतर उंदरांपेक्षा जास्त जगले. २०२२ साली ब्रिटनमधील सुमारे पावणेआठ लाख स्त्रियांच्या पाहणीत व २०२४ साली युरोपातील अडीच लाखांहून अधिक लोकांच्या 'कॉसमॉस' अभ्यासात धोका वाढल्याचे दिसले नाही. २०२४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या ६३ अभ्यासांच्या समीक्षेचा निष्कर्षही हाच होता.

समारोप

विज्ञान 'धोका शून्य' असे कधीच सिद्ध करू शकत नाही; 'एवढे शोधूनही सापडला नाही' एवढेच म्हणू शकते. ज्याला तरीही काळजी वाटते त्याने इअरफोन वापरावा, आणि सिग्नल क्षीण असताना फोन जास्त शक्ती वापरतो म्हणून तेव्हा बोलणे आटोपते घ्यावे. वाहन चालवताना फोनवर बोलण्याचा धोका मात्र निर्विवाद सिद्ध झालेला आहे. विद्यार्थ्यांना तो आधी सांगितला पाहिजे.