चंची, वायरची पिशवी आणि कसारा लोकल

शहापूर-मुरबाड भागाचा इतिहास सांगताना माहुली किल्ला येतो, 1636 साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात तो सोडावा लागला हे येतं, माळशेजचा घाट येतो. या भागातल्या बाया प्रवासाला निघताना सोबत काय घेत, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी शहापूर तालुक्यातल्या आटगावची. आजीची चंची, आईची वायरची पिशवी आणि माझी पहिली पर्स मी जपून ठेवली आहे. बाईच्या हातात स्वतःचा पैसा कधी आला आणि ती स्वतःच्या मर्जीने कधी बाहेर पडू लागली, हे या तीन वस्तूंइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

आजीच्या काळात प्रवास म्हणजे जत्रा. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी खांबलिंगेश्वराची मोठी यात्रा भरते. भाताची झोडणी उरकलेली असते, थोडं भात विकून चार पैसे हाती आलेले असतात आणि बैल मोकळे असतात. म्हणून तर इथे बैलांचा एवढा मोठा बाजार भरत आला. बैलांबरोबर घोंगड्या, विळे-कोयते, सुपं, टोपल्या अशी वर्षभराची खरेदीही तिथेच व्हायची. आटगावहून शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड असं करत बैलगाड्या म्हशाला पोचत.

आजीची जत्रेची चंची वेगळी आणि रोजची वेगळी. जत्रेची चंची चोळीच्या उरलेल्या खणाची, कडेने काचेचे बारीक मणी लावलेली, बांधायच्या दोरीला गोंडे. आत एकावर एक कप्पे: पानं, सुपारी, कात, चुन्याची डबी, तंबाखू. नऊवारीला खिसा नसतो, त्यामुळे चंची कमरेला खोचायची आणि गोंडा तेवढा बाहेर दिसेल अशी ठेवायची. गाडीतून उतरल्यावर बायका एकमेकींच्या चंच्या हातात घेऊन टाके बघत. खणाचा रंग, मण्यांची ओळ, गोंड्याची वीण यावरून कुणाचा हात चांगला ते ठरे. नटण्याची हौस तेव्हाही तितकीच होती, कापड तेवढं वीतभर होतं.

पैसे सगळ्यात आतल्या कप्प्यात. ते आजोबांनी मोजून दिलेले असत आणि घरी आल्यावर त्यांचा हिशेब द्यावा लागे. शिदोरीला तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी आणि कांदा. जत्रेत गरम जिलेबी, खाजा, गोडी शेव. आजी जिलेबी तिथेच खायची आणि खाजा पोरांसाठी बांधून आणायची. ती जिलेबी हिशेबात कशी बसवायची, हे तिने आईला सांगून ठेवलं होतं: "पानसुपारीत धरायची." वर्षातून एकदा मनासारखं खायला मिळायचं, तेही दुसऱ्या खर्चाच्या नावाखाली.

रेल्वे आमच्या रानातून गेली तेव्हा आजीचा जन्मही झाला नव्हता. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ची. 1861 मध्ये रूळ कसाऱ्याला पोचले आणि 1865 मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला गेले. 1892 मध्ये तानसा धरण पूर्ण झालं, मुंबईला इथलं पाणी जाऊ लागलं आणि तानशाला जाणारी माणसं आटगावला उतरू लागली. घरंदाज म्हणवणाऱ्या घरातल्या बाईला गाडीत बसायचं कारण मात्र लग्न, बाळंतपण किंवा मयत एवढंच असे. आई सांगायची की स्वतःच्या कमाईसाठी रोज गाडी गाठणाऱ्या बाया तिने पहिल्यांदा पाहिल्या त्या ठाकूर आणि कातकरी पाड्यांवरच्या. वैशाखात करवंदं आणि जांभळं, पावसाळ्यात शेवळं आणि कंटोळी, पानांचे द्रोण, डोक्यावर पाटी, आणि आलेला पैसा पदराच्या गाठीला. आमच्या भागात कमावत्या बाईच्या प्रवासाची वाट त्यांनी पाडली. आज नोकरीला जाणाऱ्या आम्ही सगळ्या त्यांच्या मागून चालतो आहोत.

1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, पुढे 1977 साली त्याचा कायदा झाला. या कामावर बाईला पुरुषाइतकाच दर होता. आई रस्त्याच्या मातीकामाला गेली. मजुरीचे पैसे तिच्या हातात पडले आणि त्यातून तिने कल्याणच्या बाजारातून प्लॅस्टिकच्या वायरीची बंडलं आणली. त्या काळात घरोघरी बायका अशा पिशव्या विणत. आईने लाल-पांढरी चौकड्यांची विणली. तळ चौकोनी आणि ताठ, त्यामुळे डबा आडवा होत नसे आणि आमटी सांडत नसे. शेजारच्या काकूंनी हिरवी-पिवळी केली, कुणी मधोमध चांदणी काढली. आईच्या पिशवीतला पैसा तिने स्वतः मोजला आणि स्वतःच खर्च केला. म्हशाच्या जत्रेत आम्हां भावंडांना तिने जिलेबी घेतली ती जिलेबी म्हणूनच.

मी ठाण्याला नोकरीला लागले तेव्हा पहिल्या पगारातून कल्याणला रेक्झिनची पर्स घेतली. आटगाव ते मुंबई सुमारे 95 किलोमीटर. या मार्गावर पर्सची फॅशन ठरवते ती गर्दी. हातात धरायची पर्स दिसायला सुंदर, पण दांड्याला लटकताना दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणून लांब पट्ट्याची आडवी पर्स आली. चोरीच्या भीतीने चेन पोटाकडे गेली, तिकीट तपासनिसासाठी पासाला पारदर्शक कप्पा आला. डबा, बाटली, छत्री आणि परतीच्या भाजीसाठी घडीची कापडी पिशवी असं सगळं एकाच खांद्याला झेपेना, तेव्हा सॅक आली, आणि गर्दीत ती पुढे छातीवर घ्यायची रीत पडली. डब्यात विकायला येणाऱ्या बायकांकडे नवीन नमुना दिसला की आठवड्याभरात तो अर्ध्या डब्याच्या खांद्यावर दिसतो. सणाला मात्र खणाची पर्स किंवा पैठणीच्या काठाचा बटवा बाहेर निघतो. माझ्या लेकीला आजीची चंची दाखवली तेव्हा तिने तसेच मणी लावून मोबाइलसाठी पिशवी शिवली.

जत्राही डब्यात आली. 5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट-बोरिवली ही बायकांसाठीची खास लोकल सुरू झाली. आमच्या कसारा लोकलमध्ये मात्र सगळा उत्सव लेडीज डब्यातच. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, खिडकीला रांगोळीचे स्टिकर, मग आरती. 2000 नंतर वर्तमानपत्रं नवरात्राचे नऊ रंग छापू लागली आणि अख्खा डबा एका रंगाचा होऊ लागला. आटगाव-खर्डीच्या बाया घरच्या तांदळाचे घावन आणतात, वासिंदची वहिनी ढोकळा आणते, शहापूरहून आसनगावला येऊन चढणाऱ्या मॅडम साबुदाण्याची खिचडी आणतात. संक्रांतीला हळदीकुंकू होतं, वाण लुटलं जातं. 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, त्यानंतरच्या संक्रांतींना वाण म्हणून कापडी पिशव्या लुटल्या. त्यातल्या कित्येक बचत गटातल्या बायांनी शिवलेल्या.

हा नुसता टाइमपास आहे असं म्हणणारे मला भेटतात. मला ते पटत नाही. पहाटे डबे करून निघालेल्या आणि दिवेलागणीनंतर घरी पोचणाऱ्या बाईला सण साजरा करायला दुसरी जागा नाही. या डब्यात तिला कुणाची परवानगी लागत नाही, आधी वाढायचं आणि मग उरलेलं खायचं हा नियम नाही. आजीला वर्षातून एकदा मिळालेली मोकळीक आम्ही रोजच्या दोन तासांत मिळवली आहे, आणि ती आपोआप आलेली नाही. करवंदांची पाटी, मातीकामाची मजुरी आणि बचत गटाचं शिलाई मशीन यांतून ती आली आहे.

म्हणून गावातल्या बायांना माझं सांगणं आहे: जुनी चंची, वायरची पिशवी, मण्यांची पर्स बोहारणीला देऊ नका. ती कुणाची होती, कुणी शिवली, ती घेऊन बाई कुठे गेली आणि तिने तिथे काय खाल्लं, एवढं एका कागदावर लिहून आत ठेवा. आमच्या तालुक्याचा पुढचा इतिहास लिहिणाऱ्याला त्या कागदांची गरज पडणार आहे.