रफूचं गोत्र

धुपाटण्यातला निखारा उडाला आणि बैठकीतल्या गालिच्याला रुपयाएवढं भोक पडलं. शेजारीच मनीप्लँटची कुंडी वर्षानुवर्षं झिरपत होती, तिथला डाळिंबी रंग विटून मातकट डाग झाला होता. दुरुस्तीला आलेले चाचा मूळचे उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे, शालींच्या रफूगरांसाठी नावाजलेल्या गावचे. भोकावरून अंगठा फिरवून ते म्हणाले, "ताई, हे आधी मोठं करावं लागेल."

आणि केलंही. जळके, कुरकुरीत धागे कापत ते शाबूत सुतापर्यंत गेले. रुपयाचं भोक बशीएवढं झालं, माझ्या पोटात गोळा आला. मग त्यांनी गालिचा उलटा केला. नवा उभा धागा सुईत ओवून काठापासून बोटभर आत, चांगल्या विणीत शिरवला, जुन्या धाग्याला लगटून भोकावरून पलीकडे नेला, पलीकडेही बोटभर मुरवला आणि वळवून परत आणला. अशी सगळी तार लागल्यावर लोकरीच्या गाठी, गाठींच्या ओळीनंतर आडवा धागा आणि वरून पंजा नावाच्या फणीनं ठोकणं. डागावर रंगाचा ब्रश फिरवणं सोपं होतं, पण त्यांना तो रंग ओल्या फडक्यासरशी पसरण्याची भीती. त्यांनी विटलेल्या गाठी उपटून नव्या घातल्या. लोकर निवडताना आधी गालिच्याची पाठ बघायची, मग तोंड. पाठीवर मूळ रंग टिकतो, तोंडावरचा उन्हानं खाल्लेला असतो. त्यांनी दोन्हींच्या मधली छटा उचलली.

हे सगळं गाठींचं काम, तरी चाचा त्याला रफूच म्हणत होते. तेव्हापासून मी त्या शब्दाच्या मागे लागले.

गालिच्याची स्वतःची कहाणी पुष्कळांना ठाऊक असते: सैबेरियाच्या आल्ताय पर्वतात बर्फानं सांभाळलेला, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा पाझिरिक गालिचा, मग इराण, मग मुघल कारखाने. 'गालिचा'तला 'चा' हा 'बगीचा'तलाच, लहानपण दाखवणारा फारसी प्रत्यय. एवढं पुरे. मला ओढ होती ती दुरुस्तीच्या शब्दाची.

रफू यायच्या आधी आपण काही फाटकं ठेवून बसलो नव्हतो. मराठीत 'तुणणे' हा अस्सल शब्द होता. संस्कृतात शिंप्याला 'तुन्नवाय' म्हणत; अमरकोशात तो आहे. तुन्न म्हणजे टोचलेलं, छेदलेलं. तुन्नवाय म्हणजे ते विणून काढणारा. म्हणजे आपल्या शब्दानं आधी जखम पाहिली. बाहेरून आलेल्या शब्दानं काय पाहिलं?

रफू मराठीत आला फारसीतून आणि फारसीत अरबीतून. अरबी धातूचा अर्थ, कापडाची फाटलेली जागा सांधणे. दहाव्या शतकात मोसुलमध्ये अस-सरी अर-रफ्फा नावाचा कवी होऊन गेला. 'रफ्फा' म्हणजे रफूगर, तरुणपणी तो हेच काम करायचा. आणि याच धातूपाशी मला ती गोष्ट सापडली जिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला. इस्लामपूर्व अरबांत नवरा-नवरीला शुभेच्छा द्यायची ठरलेली बोली होती: 'बिर्-रिफा वल्-बनीन'. बनीन म्हणजे मुलगे. आणि रिफा? त्याच धातूतला शब्द. लग्नाच्या मांडवात रफूचं नाव घेऊन आशीर्वाद! पुढे हदीसांत याऐवजी दुसरी दुआ सांगितली गेली, पण शब्द कोशांत राहिला.

इथे कोशकारांचा वाद आहे आणि तो मला फार प्रिय झाला आहे. नवव्या शतकातला इब्न अस-सिक्कीत दोन वाटा दाखवतो. धातूच्या शेवटी हमजा हे अक्षर धरलं तर अर्थ सांधण्याचा: फाटलेल्याचे काठ जुळतात तशी दोन माणसं जुळोत. हमजा न धरता तिथे 'वाव' घेतला तर अर्थ शांतवण्याचा: घाबरलेल्याला धीर देणे, थोपटणे. मग आशीर्वाद होतो, 'संसारात स्वस्थता लाभो.' दुसरा अर्थ गोड आहे, पण मला पहिलाच पटतो आणि माझा साक्षीदार समुद्राकाठी उभा आहे. अरबीत बंदराला 'मरफा' म्हणतात, तोही याच हमजावाल्या धातूतून. जहाज किनाऱ्याला लावणं म्हणजे 'अरफआ'. जहाजाची कड धक्क्याला येऊन टेकते. कापड, किनारा, वधूवर, तिन्हीकडे काठाला काठ भेटतो. शांततेचे पाठीराखे म्हणतील की बंदरात पाणीही शांत असतं. असेल. पण फाटक्या कापडाला कोण धीर देतो? ते सांधावंच लागतं. माझ्या मते सांधणं आधीचं, शांतवणं मागाहून त्याच्या आडोशाला आलं.

सांधण्याची हद्द कुठवर जाते हे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अर्दबिलचा गालिचा सांगतो. तो 1539-40 सालचा, साडेदहा मीटर लांब. संग्रहालयाने 1893 मध्ये तो 2000 पौंडांना घेतला. खरं तर ही जोडी होती. पहिला धड दिसावा म्हणून दुसऱ्याचे तुकडे, काठासकट, काढून त्याला लावले गेले. काठ गमावलेला तो जोडीदार आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. मी या दोघांची चित्रं शेजारी ठेवून पाहिली आणि बराच वेळ काही सुचलं नाही.

आता 'रफूचक्कर'. चोर रफूचक्कर होतो, उसने पैसे नेणारा होतो. 1975 मध्ये या नावाचा ऋषी कपूरचा हिंदी सिनेमाही आला. पण पळून जाण्यात रफू कुठून? एक तर्क 'रफादफा'कडे जातो. त्यातला 'रफा' म्हणजे दूर करणे, अर्थ छान बसतो; पण तो अरबीत वेगळ्याच अक्षराचा, वेगळ्याच कुळाचा, आणि 'रफा'चा 'रफू' का व्हावा याचं उत्तर मिळत नाही. दुसरा तर्क मला एका रात्री सुचला आणि मी उठून बसले. उर्दू शायरीत 'चाक' आणि 'रफू' ही नेहमीची जोडी, चाक म्हणजे फाटलेलं. आपल्याकडे चाक म्हणजे गाडीचं! ऐकणाऱ्यानं फारसी चाक मराठी कानानं ऐकलं आणि त्याचं चक्कर झालं, असं का नसावं? मोह मोठा आहे, पण फाटणं आणि शिवणं यांतून पळणं निघत नाही, म्हणून मी तो सोडला.

माझा कौल चाचांच्या सुईला. धागा आत शिरला, वळला, परत आला आणि त्याचं टोक कुठे गेलं हे समोर बसून मला दिसलं नाही. भोक होतं ती जागाही नाहीशी झाली. रफू केला, एक चक्कर मारली आणि गायब. ज्यानं हा शब्द प्रथम वापरला त्यानं रफूगराचे हात जवळून पाहिले असणार, असं मी ठामपणे म्हणते.

काम संपल्यावर चाचांनी कैचीनं नवी लोकर जुन्याच्या उंचीला आणली आणि हाताच्या पालथ्या बाजूनं झाडली. वरून आता ती जागा मलाही सापडत नाही. गालिचा उलटून पाठीवर बोट फिरवलं तर मात्र दोन्ही काठांपासून बोटभर आत गेलेले ते धागे, बारीक उंचवटे होऊन, एकामागून एक लागत जातात.