यंत्राचा ठेका आणि दहा राग

संगीताविषयीं आमच्या सुशिक्षित समाजांत दोन समजुती दृढ आहेत. यंत्रांतून निघणारा नाद हें संगीत नव्हे, ही एक. आणि ज्या वादनावर पाय थिरकतात तें हलक्या प्रतीचेंच असावयाचें, ही दुसरी. या दोन्ही समजुतींची परीक्षा घेणारी एक तबकडी १९८२ सालीं खुद्द मुंबईंत तयार झाली. आणि आम्हीं तिच्याकडे अठ्ठावीस वर्षें ढुंकूनही पाहिलें नाहीं.

ही तबकडी चरणजित सिंग यांची. राहुल देव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे हे वादक. त्यांनीं रोलंड या जपानी कंपनीचीं तीन यंत्रें जवळ केलीं : स्वरांसाठीं ज्युपिटर-८, ठेक्यासाठीं टीआर-८०८ आणि खर्जाच्या साथीसाठीं टीबी-३०३. त्यांवर त्यांनीं ललित, तोडी, मधुवंती, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या तालांत बसविले. टीबी-३०३ मध्यें एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. आमच्या कानाला तींत मींडेचा भास होतो. तबकडी फारशी खपली नाहीं.

इकडे तें यंत्रही बाजारांत पडलेंच होतें. गिटारवादकाला घरबसल्या साथ मिळावी म्हणून तें निघालें. परंतु त्याचा आवाज खऱ्या वाद्यासारखा नव्हता, आणि १९८४ सालीं त्याचें उत्पादन थांबलें. जुन्या बाजारांत स्वस्त झालेलें हें यंत्र शिकागोच्या तरुण कृष्णवर्णीय वादकांच्या हातीं आलें. 'फ्यूचर' या मंडळीनें त्याच्या खुंट्या पिळून पिळून १९८७ सालीं 'ॲसिड ट्रॅक्स' काढलें. त्याच सुमारास डेट्रॉइटचें 'टेक्नो' आणि शिकागोचें 'हाउस' हीं विलायतेंत पोहोंचलीं. १९८८ मध्यें मँचेस्टर येथील ग्रॅहम मॅसी, मार्टिन प्राइस व जेराल्ड सिम्प्सन या तिघांनीं आपल्या मेळाला त्या ठेक्याच्या यंत्रावरून '८०८ स्टेट' असें नांव देऊन 'न्यूबिल्ड' ही तबकडी प्रसिद्ध केली. विलायतेंतील या संगीताच्या पहिल्या दीर्घ तबकड्यांत तिची गणना होते.

'न्यूबिल्ड' प्रथम ऐकतांना आमची निराशा झाली, हें कबूल केलें पाहिजे. स्वर मोजके, ठेका अखंड. मग बढत ती कोठें? दुसऱ्या ऐकण्यांत मात्र उमगलें कीं, येथें पालटतो तो स्वर नव्हे, स्वराचा पोत. तोच चार-सहा स्वरांचा वेढा कधीं दबका, कधीं कर्कश, कधीं पाण्याखालून आल्यासारखा होतो. राग ऐकणाऱ्यानें अधीर होऊं नये. एकाच षड्जाचा लगाव तासभर तोलणाऱ्या कानाला ही शिस्त परकी नाहीं.

२००२ सालीं एडो बाउमन या डच संग्राहकाला सिंग यांची तबकडी दिल्लींत सांपडली आणि २०१० मध्यें ती पुन्हां निघाली. लगेच, "हाउसचा जनक मुंबईचा!" असा गजर झाला. आम्हांला तो पटत नाहीं. शिकागोच्या किंवा मँचेस्टरच्या वादकांनीं ही तबकडी ऐकली होती, याला कसलाही पुरावा नाहीं. एकाच यंत्रानें दोन ठिकाणीं सारखा नाद काढला, एवढेंच सिद्ध होतें. पितृत्वाचा खोटा अभिमान मिरविण्यापेक्षां दुसरा प्रश्न विचारणें बरें : त्यांचें बीज रुजलें, आमचें कां नाहीं?

आमचें उत्तर असें कीं, त्यांच्यापाशीं अंगण होतें. ज्या १९८२ सालीं सिंग यांनीं दहा राग वाजविले, त्याच सालीं मँचेस्टरांत 'हॅसिएंडा' हें नृत्यगृह उघडलें. तेथें ठेका ऐकणारे आणि नाचणारे एकच होते. आमच्याकडे रागाचा श्रोता बैठकींत मांडी घालून बसलेला. आणि नाचणारा कोठें होता, तर सातपुड्यांत!

नंदुरबार जिल्ह्यांत, अक्कलकुवा तालुक्यांतील काठी येथें होळीच्या रात्रीं हजारों आदिवासी बांधव जमतात. डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरूं, मध्यें भलेमोठे ढोल; रात्रभर फेर चालतो आणि पहांटे होळी पेटते. कडेला उभा राहणारा म्हणतो, "एकच ठेका, एकच ठेका." जो फेरांत शिरतो त्याला त्या एकाच ठेक्यांत रात्र केव्हां सरली हें कळत नाहीं. 'न्यूबिल्ड'चें मर्म याहून निराळें काय आहे?

आम्ही शहरांतलीं माणसें काठीची होळी पाहावयास जातों. ऐकावयास क्वचितच जातों. तिच्या ढोलाला आम्हीं संगीत म्हटलें नाहीं, म्हणूनच यंत्राच्या ठेक्यांतला राग आम्हांला ऐकूं आला नाहीं. दोन्ही अनादरांचें मूळ एक.

चरणजित सिंग यांनीं उतारवयांत युरोपांत तरुण श्रोत्यांपुढें हे राग पुन्हां वाजविले आणि २०१५ च्या जुलैंत मुंबईंत देह ठेविला. त्यांना जनकपद देण्याची गरज नाहीं. घरांतील वडील मंडळींनीं व मुलांनीं एका संध्याकाळीं शेजारीं बसून प्रथम त्यांची आणि मग मँचेस्टरची तबकडी ऐकावी, आणि पुढच्या होळीस काठीला जाऊन थोडा वेळ डोळे मिटून उभें राहावें. एवढें केलें तरी पुष्कळ ऋण फिटेल.